दुसरी कादंबरी, गावाकडचा थ्रिलर : आठवडाभर राहायला कुठे जाऊ?

शाईपेन: पहिली कादंबरी शहरातल्या सोसायटीवर होती. दुसरी थ्रिलर आहे, उसाचा पट्टा, फडात प्रेत सापडतं. गावात मी फक्त सुट्टीपुरता राहिलोय आणि वाचणाऱ्याला गाव खोटं वाटायला नको, म्हणून 7 दिवस राहून बघायचंय. बजेट सगळं मिळून 8 हजार, सुट्टी फक्त मेमध्ये. कुठे जाऊ?

जुन्नरकर: जुन्नर, दुसरीकडे बघूच नका. ऊस आणि बिबट्या दोन्ही आहेत, माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र पण इथलंच. शेतीची लाईट रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन एकटा पाणी धरायला जातो, माझ्या चुलत्यांना बांधावर बिबट्या समोर आला होता, आठवडाभर बोलले नाहीत कुणाशी. आम्ही पाहुण्यांना ठेवतो त्या शेतघराचं रोजचं साडेतीन हजार आहे, पण जागा एकदम मस्त.

लाल_माती: थ्रिलर म्हणजे कोकण. पावसाळ्यात या, गणपतीपर्यंत कुलूपबंद घरं, रात्रभर धो धो. मी 5 दिवसाचे 22 हजार दिले, एक रुपया वाया गेला नाही.

रंकाळा: मे मध्ये ऊस बघायला कोण जातं? दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, एप्रिलपर्यंत रानं मोकळी. मेमध्ये खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांना फुटलेला ऊस, गुडघ्याएवढा, त्यात प्रेत काय लपवणार? जानेवारीत जा.

आडसाली: सगळं रान मोकळं होत नाही हो. जुलै-ऑगस्टची आडसाली लागवड 16-18 महिन्यांची असते, मेमध्ये डोक्याच्या वर असते.

रंकाळा: ती किती जणांची असते पण? आमच्या गावात तरी खोडवाच जास्त.

बीडचा_पोरगा: माझे आईवडील ऊस तोडायचे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. फडात प्रेत पहिल्यांदा बघणार तोडणाऱ्यांची टोळीच, मालक नाही. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, पोलीस आले की तोड बंद, तोड बंद म्हणजे उचल फिटणार कधी. सांगावं की नाही यावरच ती रात्र कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, कोणी झोपणार नाही. हे लिहा, बिबट्या राहू द्या.

जुन्नरकर: बिबट्या राहू द्या कसं? तोडणीतच बछडे सापडतात.

पाटलाचा_नातू: आजोबा पोलीस पाटील होते. खबर त्यांनीच ठाण्यात द्यायची, मग अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा. पंच व्हायला गावात कोणी तयार होत नाही, सगळ्यांना अचानक तालुक्याला काम निघतं. आणि कथा आजची असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 174 लिहू नका, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 194 आहे. पहिल्या पुस्तकात असल्या चुका खपतात, दुसऱ्यात लोक धरतात.

लाल_माती: कोकणात खर्च जास्त वाटतो, पण मासे बघा की.

शाईपेन: सगळ्यांचे मनापासून आभार. मी मेमध्येच जातोय, साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात आत्याकडे. ऊस सोडला. रंकाळा यांचं मोकळं रान डोक्यातून जाईना, लपायला काही नाही, लांबून येणारा माणूस पण सगळ्या गावाला दिसतो. विहिरीचं पाणी रोज खाली जातंय आणि एका सकाळी तळाशी साडीचा काठ दिसतो. पोलीस पाटील आणि पंच घेतोय. बीडच्या दादा, टोळी आता हंगाम संपवून गावी परतलेली असेल, पण त्यांच्यातली एक बाई परत आलेली नाही. तुमच्याशी बोलायचं आहे, मेसेज केलाय.