अंदमानची सात दिवसांची सहल : २५,००० रुपयांत कोणते साहस करावे?

रानजाई (नाशिक)

नमस्कार. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी यांपैकी सोयीच्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि आमचा चौदा वर्षांचा मुलगा असे तिघे सात दिवसांसाठी अंदमानला जाण्याचे ठरवत आहोत. विमान, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च आम्ही वेगळा काढून ठेवला आहे. समुद्रातील आणि जंगलातील साहसी गोष्टींसाठी त्याखेरीज २५,००० रुपये बाजूला ठेवले असून ते तिघांना मिळून पुरले पाहिजेत.

एका सहल कंपनीने सी वॉक, पॅरासेलिंग, जेट स्की आणि बनाना राइड असा एकत्रित संच माणशी ९,००० रुपयांना सुचवला आहे. म्हणजे केवळ त्यातच आमची मर्यादा ओलांडली जाते आणि स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणे) त्यात नाहीच. मुलाची स्कूबाची फार इच्छा आहे. मला रात्री चमकणाऱ्या पाण्यातून कयाक (वल्ह्याची छोटी होडी) चालवण्याविषयी वाचल्यापासून त्याचे वेध लागले आहेत. यजमानांना पोहता येत नाही आणि ते रक्तदाबाची गोळी घेतात, पण डोंगर चढण्याची त्यांना आवड आहे, म्हणून त्यांनी दिगलीपूरजवळच्या सॅडल पीकचे नाव काढले आहे. बारातांगच्या चुनखडीच्या गुहाही यादीत आहेत. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे? विमानाची तिकिटे अद्याप काढलेली नाहीत, त्यामुळे तारखा पुढेमागे करता येतील.

भटकंती_पुणे

मी अंदमानला तीन वेळा जाऊन आलो आहे. पहिल्या वेळी मी नेमका असाच संच घेतला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जेट स्की आणि बनाना राइड या गोष्टी काही मिनिटांत संपतात, आणि त्या मालवण, अलिबाग किंवा गोव्यातही तशाच करता येतात. अंदमानला जाऊन जे दुसरीकडे सहज मिळत नाही ते पाण्याखाली आहे, त्यामुळे पैशांचा मोठा वाटा तिथेच खर्च व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे. सी वॉकमध्ये डोक्यावर हवेचे जड शिरस्त्राण चढवून तळावर ठरावीक जागेत चालायचे असते. ज्यांना डोके भिजू न देता तळ पाहायचा आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे, परंतु तेवढ्याच किंवा थोड्या अधिक पैशांत प्रशिक्षकाबरोबर खरीखुरी डुबी, म्हणजे स्कूबा, मारता येत असेल तर डुबीच निवडावी.

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, नवख्यांसाठी जी पहिली डुबी असते तिला पोहता येण्याची अट नसते आणि दहा वर्षांपुढील मुलांना ती करता येते. आधी कमरेएवढ्या पाण्यात श्वास घेण्याचा, मुखवट्यात शिरलेले पाणी काढण्याचा आणि कान मोकळे करण्याचा सराव करून घेतात आणि मग प्रशिक्षक हात धरून खाली नेतो. पहिल्या डुबीत १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, बहुतेकदा त्याहून बरेच कमी. मी शेवटचा गेलो तेव्हा दर माणशी साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान होता. दर विचारण्याआधी एका प्रशिक्षकाकडे किती पाहुणे असतील ते विचारा. ‘एकाला एक’ असे उत्तर मिळाले नाही, तर पाचशे रुपये वाचत असले तरी ते केंद्र सोडून द्या.

तुमच्या यजमानांच्या रक्तदाबाबद्दल एक सूचना आहे. डुबीपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते, आणि रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा कानाचा विकार यांपैकी कशालाही ‘होय’ असे लिहिले की डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते बेटावर ऐनवेळी मिळवण्यापेक्षा नाशिकहून नेहमीच्या डॉक्टरांकडून घेऊन जावे, आणि डॉक्टर नको म्हणाले तर नकोच. प्रश्नावलीत खोटे ‘नाही’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, पण पाण्याखाली तो जिवावर बेतू शकतो.

हिशेब असा बसतो. तिघांची डुबी साडेचार हजारांप्रमाणे १३,५०० रुपये. तुम्ही आणि मुलगा अशा दोघांचे रात्रीचे कयाक माणशी सुमारे तीन हजार धरून ६,००० रुपये. उरलेल्या साडेपाच हजारांत हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग (मुखवटा आणि नळी लावून, तरंगत पाण्याखाली पाहणे) आणि नील बेटावर सायकली. स्नॉर्कलिंगचा मुखवटा आणि नळी घरूनच विकत घेऊन जा, कारण भाड्याचे मुखवटे चेहऱ्याला नीट बसत नाहीत आणि सगळा वेळ आत शिरणारे पाणी काढण्यात जातो. प्रवाळावर मात्र कुणीही पाय ठेवू नये. तो दगड दिसत असला तरी सजीव असतो आणि वर्षाला फार थोडा वाढतो.

एलिफंट बीचला बहुतेक लोक हॅवलॉकच्या जेट्टीवरून बोटीने जातात, परंतु जंगलातून सुमारे दोन किलोमीटरची पायवाटही आहे. ती सुरू आहे का आणि बरोबर स्थानिक वाटाड्या घ्यावा लागेल का, एवढे तिथे पोहोचल्यावर विचारून घ्या. डोंगर-जंगलाची यजमानांची हौस तिथे बऱ्यापैकी भागेल. सॅडल पीक या वेळी सोडा, असे मी म्हणेन. ७३२ मीटर उंचीचे ते अंदमानातले सर्वोच्च शिखर आहे आणि चढण सुंदर आहे यात शंका नाही, पण दिगलीपूरपर्यंतचा रस्ता अख्खा दिवस खातो, परतीला दुसरा दिवस जातो आणि चढाईला तिसरा. सातांपैकी तीन दिवस एका शिखराला देणे या सहलीत परवडणार नाही. पोर्ट ब्लेअरजवळ (आता शहराचे नाव श्री विजयपुरम आहे) चिडिया टापूहून मुंडा पहाडची छोटी चढण आहे. ती अर्ध्या दिवसात होते आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

बेटांमधल्या प्रवासासाठी सरकारी बोटीचे तिकीट खासगी बोटीच्या तुलनेत फारच कमी पडते. ती वेळ जास्त घेते, पण वाचलेल्या पैशांत एका माणसाची डुबी सहज निघते. हंगामात तिकिटे लवकर संपतात, म्हणून तारीख ठरताच त्यांच्या मागे लागा.

दर्यावर्दी_मालवण

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. तुमच्या तारखा मोकळ्या आहेत हे वाचून एक वेगळी गोष्ट सुचवावीशी वाटते, ती म्हणजे तिकिटे काढण्यापूर्वी पंचांग पाहा.

आम्ही किनाऱ्यावरची माणसे समुद्राचा अंदाज तिथीवरून घेतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती मोठी, ओहोटीही मोठी आणि पाण्याला ओढ जास्त, त्यामुळे तळाचा गाळ उठतो. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो, तेव्हा पाणी सर्वांत संथ असते. भरती-ओहोटीच्या वेळा अंदमानच्या वेगळ्या आहेत आणि त्या तिथल्या कोष्टकावरूनच पाहाव्यात, पण उधाण आणि भांगाचा हा नियम तिथेही तसाच लागू होतो.

आता तुमच्या तीन इच्छा एकत्र ठेवून पाहा. डुबी आणि स्नॉर्कलिंगसाठी भांगाचे संथ पाणी हवे. कयाकसाठी काळोख हवा, कारण वल्ह्याच्या हालचालीने चमकणारे ते सूक्ष्म जीव चंद्रप्रकाशात जवळजवळ दिसत नाहीत. नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल पाहायला खोल ओहोटी हवी, नाहीतर खडकांवरून तिथवर जाताच येत नाही. शुद्ध पक्षातल्या भांगाला पाणी संथ मिळेल, पण संध्याकाळीच चंद्र डोक्यावर असेल. वद्य पक्षात मात्र अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्री किंवा त्याही नंतर उगवतो, म्हणजे संथ पाणी आणि काळोखी संध्याकाळ दोन्ही एकदम मिळतात. म्हणून वद्य अष्टमीला पोर्ट ब्लेअरला उतरावे, नवमी ते एकादशी हॅवलॉकला काढावेत आणि द्वादशीला नीलला जावे. तोवर उधाण जवळ येऊ लागते आणि ओहोटी खोल होत जाते. यासाठी एक रुपयाही जास्त पडत नाही.

तिथे अंधार लवकर होतो, हेही ध्यानात ठेवा. घड्याळ आपलेच असले तरी बेटे खूप पूर्वेला असल्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. समुद्रातली सगळी कामे सकाळी सहा-सातपासून सुरू करावीत. सूर्यास्तासाठी पश्चिमेचा राधानगर किनारा आणि सूर्योदयासाठी पूर्वेचा काला पत्थर, दोन्ही फुकट आहेत. खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, तेव्हा जिथे सूचनाफलक किंवा जाळी लावली असेल तिथे सूचनेबाहेर जाऊन पोहू नये.

रानजाई (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. तिथीचा विचार मला स्वप्नातही सुचला नसता, आता कालनिर्णय काढूनच तारखा ठरवते. बारातांगबद्दल मात्र कुणी लिहिलेले नाही. सहल कंपनीच्या माणसाने ‘वाटेत आदिवासीही दिसतात’ असे सांगितले, ते मला खटकले. तिथे जाणे योग्य आहे का?

कालिंदी

तुम्हाला खटकले ते योग्यच आहे. बारातांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यापासून गाड्या ठरावीक वेळी पोलिसांच्या पहाऱ्यात ताफ्याने सोडतात, आणि वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे किंवा खायला काही देणे हे सारे गुन्हे आहेत. जारवांच्या भल्यासाठी हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता, तरीही वाहतूक चालूच राहिली आहे. बाहेरच्या जगाशी त्यांचा नियमित शांततापूर्ण संबंध १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि लगेच १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्याला क्षुल्लक वाटणारा आजार त्यांच्यासाठी केवढा मोठा असू शकतो, ते यावरून कळते. ‘आदिवासी दिसतात’ हे ज्या सहलीचे आकर्षण म्हणून सांगितले जाते, ती सहल मी घेणार नाही.

गुहा आणि खारफुटीतून जाणारा छोट्या बोटीचा प्रवास खरोखर देखणा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पहाटे तीन-साडेतीनला निघून दिवसभर गाडीत बसायचे आणि प्रत्यक्ष गुहेत अर्धा-पाऊण तास, असा तो दिवस असतो. खारफुटीच पाहायची असेल तर हॅवलॉकला दिवसा कयाक घेऊन ती शांतपणे, जवळून पाहता येते. बारातांगचा वाचलेला दिवस वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाला द्यावा. तिथे प्लॅस्टिकवर कडक बंदी आहे, आणि जॉली बॉय व रेड स्किन ही दोन बेटे ऋतूनुसार आलटून पालटून खुली ठेवतात, जेणेकरून प्रवाळाला विश्रांती मिळावी. त्या काळात कोणते खुले आहे आणि सुटीचा वार कोणता, ते आधी विचारून घ्या.

पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल पाहा. साहसाच्या यादीत ते येत नाही, पण चौदा वर्षांच्या मुलाने सावरकरांची कोठडी आतून पाहावी असे मला फार वाटते. ते त्या तुरुंगात १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे होते.

सागरिका_ठाणे

एकच अनुभव सांगते. मी सर्दी झालेली असताना डुबीला गेले. दोन मीटर खाली जाताच कानात असह्य कळ आली, कान काही केल्या मोकळे होईनात, आणि मला वर यावे लागले. पैसे गेलेच, शिवाय तो कान आठवडाभर दुखत होता. म्हणून डुबी हॅवलॉकच्या पहिल्याच सकाळी ठेवा. कुणाला सर्दी असली तर मग पुढचे दोन दिवस हाताशी राहतात. शिवाय डुबीनंतर निदान अठरा तास विमानात बसता येत नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी ती ठेवूच नये. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा, कारण हवामान बिघडले की बोटी रद्द होतात आणि विमान आपल्यासाठी थांबत नाही.

रानजाई (नाशिक)

बारातांग आणि सॅडल पीक दोन्ही काढून टाकले. डॉक्टरांनी यजमानांचा रक्तदाब गेले वर्षभर आटोक्यात असल्याचे पाहून प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली आहे, पण आता यजमानच घाबरले आहेत. त्यांनी आधी तारकर्लीला जाऊन एकदा सराव करावा का? तिथे ते स्वस्त पडते असे ऐकले आहे.

दर्यावर्दी_मालवण

आमच्याकडे अवश्य या, पण केवळ सरावासाठी नाशिकहून एवढा प्रवास करू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्वस्तात जे स्कूबा करवतात, त्यात काही ठिकाणी पाठीवर टाकी नसते, तर बोटीवरून नळीने हवा देतात, म्हणजे तो सराव अंदमानला पूर्णपणे उपयोगी पडत नाही. रीतसर शिकायचे असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, पण यजमानांची आजची गरज तेवढी नाही.

त्यांची भीती बहुधा पाण्यापेक्षा नाक बंद असण्याची असेल. सहलीसाठी जो मुखवटा आणि नळी घेणार आहात ती आताच घ्या आणि नाशिकच्या जलतरण तलावात, जिथे पाय टेकतात अशा उथळ भागात, जीवरक्षकाला सांगून त्यांना कठडा धरून पाण्यात तोंड घालून फक्त तोंडाने श्वास घ्यायला लावा. पहिल्या दिवशी एक मिनिट झाले तरी पुष्कळ. मुलाला शेजारी उभे करा. आठ-दहा वेळा असे झाल्यावर ते कठडा सोडून तरंगू लागले, तर हॅवलॉकला डुबी ठरवा. नाही जमले, तर त्यांचे साडेचार हजार वाचतील आणि एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून, वाटाड्याजवळची तरंगती रिंग धरून तेच प्रवाळ त्यांना वरून पाहता येतील. त्या पैशांतून ते तुमच्याबरोबर रात्रीच्या कयाकलाही येऊ शकतील.