'भुरं' चित्र म्हणजे नेमकं कसं? टीव्ही, बॉक्स आणि बडोद्याची मराठी (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी शहरातले भाग दिले आहेत)

रावपुरा :
टीव्हीला स्ट्रीमिंग बॉक्स जोडला आणि चित्र बिघडलं की आपल्याकडे मराठी घरात "चित्र भुरं दिसतंय" असं म्हणतात. दुरुस्तीवाल्याला फोनवर तेच "भूरुं देखाय छे" असं सांगितलं जातं. तो येऊन केबल काढून-लावून जातो, चित्र तसंच राहतं. घोळ शब्दात आहे का? आणि मुंग्या येणं, अडकणं, लुकलुकणं हे जुने शब्द आताच्या बिघाडांना चालतील का?

दांडिया बाजार :
घोळ शब्दातच आहे. गुजरातीत भूरुं म्हणजे निळं. (आणि लीलुं म्हणजे हिरवं, तिथेही कान फसतो.) "टीवी भूरुं थई जाय छे" ऐकल्यावर त्याच्या डोळ्यासमोर 'नो सिग्नल'चा निळा पडदा येतो. मराठीत भुरं, भुरकट म्हणजे राखाडीकडे झुकलेलं, उडालेल्या रंगाचं. दोन्ही बिघाडांची कारणं एकमेकांपासून फार लांब आहेत.

निळा पडदा असेल तर टीव्हीपर्यंत काही पोचतच नाही. रिमोटवर सोर्स दाबून, केबल ज्या खाचेत आहे तोच एचडीएमआय क्रमांक निवडला आहे का ते बघा. तो बरोबर असेल तर दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढा, केबलची दोन्ही टोकं घट्ट बसवा, मिनिटभर थांबा. मग आधी टीव्ही लावा, तो पूर्ण सुरू झाला की बॉक्स. बॉक्स केबलच्या १८ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट देतो, टीव्ही १९ क्रमांकाच्या पिनेवरून आपण हजर असल्याचं कळवतो, त्यानंतर आपल्याला कोणकोणती चित्रं दाखवता येतात ती यादी देतो. ही ओळखपाळख अर्धवट राहिली की पडदा निळा किंवा काळा राहतो.

भुरकट चित्रात केबलचा दोष बहुधा नसतो. व्हिडिओत उजेड आकड्यांत मोजतात, त्यात काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर धरायची रीत आहे. संगणकात तेच ० आणि २५५. बॉक्स पहिल्या रीतीने पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या रीतीने वाचतो, तेव्हा १६ चा काळा त्याला राखाडी वाटतो. रात्रीचा प्रसंग धुक्यातला दिसतो. उलट झालं तर केस, डोळ्यांतलं काजळ, काळ्या साडीची नक्षी सगळं अंधारात बुडतं. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'व्हिडिओ रेंज' शोधा. पर्याय कुठे लो आणि नॉर्मल, कुठे लो आणि हाय, कुठे लिमिटेड आणि फुल असे असतात. बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे लिमिटेड, म्हणजेच लो, ठेवा. ब्राइटनेस कमी करून हे झाकू नका. काळा सुधारल्यासारखा वाटतो, पण अंधारातले बारकावे जातात.

फक्त एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे) चित्रपटच भुरकट दिसत असतील तर त्या खाचेसाठी टीव्हीतलं 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' सेटिंग बंद आहे का ते आधी बघा.

कारेलीबाग :
लीलुंवरून भर. सगळं चित्र हिरवं-गुलाबी होत असेल तर बॉक्स एका रंगपद्धतीत पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीत वाचतोय. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कलर फॉर्मॅट वायसीबीसीआरवरून आरजीबी करून बघा. याला 'रंग उलटणं' म्हणावं. 'रंग उडणं' नको, त्यात पुन्हा भुरकटाशी गल्लत.

मांजलपूर :
'मुंग्या येणं' हा शब्द अँटेनासाठीच राखून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. त्या मुंग्या सिग्नल क्षीण झाल्याच्या, पडदाभर वळवळायच्या. एचडीएमआय केबल कमी पडते तेव्हा वेगळं होतं : चित्र स्वच्छ असतं आणि त्यात मधूनच एकेक पांढरा किंवा रंगीत ठिपका चमकून जातो. याला 'चांदण्या' शोभतं. ४के (जास्त बारकाईच्या), सेकंदाला ६० फ्रेमच्या चित्राला सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट लागतात. १०८० ला (त्याहून कमी बारकाईच्या चित्राला) ६० फ्रेमवर साडेचारच्या आत. म्हणून बॉक्स १०८० वर आणा. चांदण्या गेल्या तर केबल बदला, टीव्हीला हात लावू नका. 'प्रीमियम हाय स्पीड' छापलेली, दोन मीटरच्या आसपासची घ्या. भिंतीतून दहा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल (प्रकाशातून सिग्नल नेणारी) केबल, आणि तिची दिशा ठरलेली असते : सोर्स लिहिलेलं टोक बॉक्सकडे.

पडदाभर रंगीबेरंगी भुसा दिसला, किंवा मेनू येतो पण चित्रपट लावला की काळं, तर एचडीसीपीचं (चित्राची नक्कल होऊ नये म्हणून असलेलं) कुलूप जुळलेलं नाही. ४के ला त्याची २.२ ही आवृत्ती लागते. मध्ये जुना साउंडबार किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून बॉक्स थेट टीव्हीला लावा. 'कुलूप न जुळणं' हा शब्द मला आवडतो, कारण केबल बदलून काही होणार नाही हे त्यातूनच कळतं.

रावपुरा :
आणि अडकणं?

अलकापुरी :
गुजरातीत "चोंटी जाय छे" (चिकटतं) एवढं म्हटलं की सगळं त्यात येतं. मराठीत तीन शब्द वेगळे ठेवता येतात, ते ठेवावेत. चाक फिरत राहतं आणि चित्र थांबतं ते अडकणं, दोष नेटचा. चित्राचे चौकोन पडतात ते ठोकळे. तेही नेटचं किंवा ॲपचं, कारण बॉक्सने चित्र उलगडतानाच ते झाले आहेत, पुढची केबल सोन्याची असली तरी फरक पडणार नाही. कॅमेरा आडवा फिरताना चित्र बारीक हिसके देतं ते अडखळणं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, बॉक्स ६० वर. मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. आपल्या कित्येक मालिका २५ फ्रेमच्या, त्या ६० मध्ये आणखी वेड्यावाकड्या बसतात. बॉक्समध्ये 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. त्यानंतर चित्रपट सुरू होताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होईल, तो बिघाड समजू नये.

मध्येच क्षणभर काळं होऊन परत येतं ते लुकलुकणं. गुजरातीत 'झबके छे' म्हणा, समजेल. बॉक्सऐवजी स्टिक (टीव्हीत थेट खोचायचं छोटं स्ट्रीमिंग उपकरण) टीव्हीच्या यूएसबीवर चालवली असेल तर आधी तिथे बघा : साध्या यूएसबी २.० खाचेतून अर्धा अँपियर मिळतो. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीत लावा.

सगळ्यांच्या आधी एक तपासणी : बॉक्सचा स्वतःचा मेनू उघडा. त्यातही दोष दिसला तर बॉक्स ते टीव्ही या टप्प्यात शोधा. मेनू स्वच्छ आणि फक्त चित्रपट बिघडलेला, तर नेट, ॲप, कुलूप किंवा एचडीआर.

दांडिया बाजार :
राज्यकारभाराचे शब्द अनेक भाषांत शेजारी-शेजारी मांडणारा कोश याच शहरातून १९३१ साली निघाला. तसे दोन रकाने इथेही हवेत. भुरकटला गुजरातीत 'झांखुं' जवळचं.

रावपुरा :
मग फोनवर सांगायचं वाक्य असं : "मेनू पण झांखुं देखाय छे, काळो रंग राखोडी लागे छे, भूरुं नथी थतुं."

दांडिया बाजार :
हो. आणि कोणत्या क्रमांकाच्या खाचेत बॉक्स आहे तेही सांगा.