अवस-पुनवेला दुखणी वाढतात, खरं की मनाचे खेळ?

कोयनाकाठ:
आमच्या आत्याला दमा आहे. पुनव जवळ आली की ती पंप उशाशी घेऊनच झोपते, म्हणते आता चार दिवस माझे हाल, आणि होतातही. मी योगायोग म्हटलं तर घरात सगळे माझ्यावरच तुटून पडले. म्हणे समुद्राला भरती येते, माणसाच्या अंगात तर निम्म्याहून जास्त पाणी, मग त्याला नाही का येणार? काय उत्तर द्यायचं याला?

रातपाळी:
उत्तर कशाला, आत्या बरोबर आहेत. वीस वर्षं नाइट ड्युटी केलीय मी. पौर्णिमेला कॅज्युअल्टी फुल्ल. पिऊन पडलेले, मारामारीवाले, डिलिव्हऱ्यांचं तर विचारूच नका. डॉक्टर हसतात, पण आमच्यातल्या कितीतरी जणी त्या रात्रीची ड्युटी बदलून मागतात.

रिटायर_मास्तर:
पाणी आहे म्हणून भरती येत नाही हो. पृथ्वीच्या चंद्राकडच्या अंगाला ओढ जास्त, पलीकडच्या अंगाला कमी, त्या फरकाने येते, आणि तो फरक जाणवायला हजारो किलोमीटरचा पसारा लागतो. रंकाळ्याला भरती आलेली कुणी बघितलीय का? मग साडेपाच फुटी माणसाला कुठून येणार. शिवाय समुद्राला भरती रोज दोनदा येते, मग आत्याबाईंना रोज दोनदा धाप लागायला हवी. आणि अष्टमीला भांगाची भरती, सगळ्यात लहान, म्हणजे त्या दिवशी अख्खं गाव ठणठणीत?

चांदणवेडी:
मास्तर, भरतीचं मान्य. पण तेवढ्यावरून सगळंच थोतांड कसं? २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या लोकांनी ३३ जणांच्या झोपेच्या जुन्या नोंदी परत काढून बघितल्या तर पुनवेच्या आसपास एकूण झोप २० मिनिटांनी कमी आणि गाढ झोपेच्या मेंदूलहरी ३० टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि ही माणसं प्रयोगशाळेत झोपलेली, चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. मग २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा आदिवासींच्या मनगटाला यंत्रं बांधून बघितलं, त्यांच्यातल्या काही वस्त्यांत तर वीजच नाही. पुनवेच्या आधीच्या तीन ते पाच रात्री लोक उशिरा झोपतात, कमी झोपतात. सिअ‍ॅटलच्या कॉलेजातल्या पोरांचंही तेच. झोप मोडली की फिट, मायग्रेन उसळतं हे तर डॉक्टरही सांगतात ना?

रिटायर_मास्तर:
३३ माणसं म्हणजे आमचा एक वर्ग पण भरत नाही. तोबांचं पटतं मात्र. पुनवेच्या आधी दिवस मावळताना चंद्र वर असतो, उजेड आहे तोवर माणूस जागा राहणारच, लहानपणी आम्हीही खळ्यावर राहायचो. पण सिअ‍ॅटलमध्ये रात्रभर दिवे, तिथे हे कसं, ते मला कळलेलं नाही.

घाटउतार:
कोजागरीला बारापर्यंत जागून मसाला दूध ढोसायचं आणि सकाळी चंद्राने त्रास दिला म्हणायचं 😄
सिस्टर, डिलिव्हऱ्यांचं सोडून द्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या साडेपाच लाखांवर जन्मांचा हिशोब २००५ साली छापून आलाय, कुठल्याच तिथीला फरक नाही. कुत्रं चावण्याचं पण असंच, २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या एकाच अंकात एका टीमने पुनवेला जास्त म्हटलं आणि ऑस्ट्रेलियावाल्यांनी काही संबंध नाही म्हटलं.

रातपाळी:
आकडे तुमचे, रात्री आमच्या.

घाटउतार:
म्हणूनच म्हणतो ताई, वही घाला. रोजची तिथी, किती पेशंट, कशाचे. षष्ठीला गर्दी झाली तर षष्ठी कुणाच्या लक्षात राहते?

कोयनाकाठ:
आत्याला पण वही दिली मी. पहिल्या पानावर "पुनव: त्रास" लिहून मोकळी झाली. पुनवेला अजून नऊ दिवस आहेत.

रातपाळी:
घातली वही. आज षष्ठी. चार अ‍ॅडमिशन, एक फिट, एक साप. घाटउतार, हसू नका.