वॉटसन-ग्लेझर चाचणी: अडचण केवळ वेळेची नाही

लंडनमधील ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी (लॉ फर्ममधील वकिलीच्या प्रशिक्षणाच्या नोकरीसाठी) दिलेल्या वॉटसन-ग्लेझर या तर्कक्षमता तपासणाऱ्या चाचणीत वेळ पुरला नाही, असे आपण लिहिले आहे. ३० मिनिटांत ४० प्रश्न म्हटल्यावर घाई होणारच. तथापि माझ्या मते गुण जातात ते पाचही विभाग एकाच पद्धतीने सोडवल्यामुळे. अनुमानाच्या विभागात ‘बहुधा सत्य’ आणि ‘बहुधा असत्य’ असेही पर्याय असल्याने सर्वसामान्य व्यवहारज्ञान थोडेफार चालते, निगमनाच्या (केवळ दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढण्याच्या) विभागात मात्र ते पूर्णपणे बाजूला ठेवावे लागते. ‘सर्व भागीदार वकील आहेत; काही वकील लंडनबाहेर राहतात’ एवढ्यावरून ‘काही भागीदार लंडनबाहेर राहतात’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण लंडनबाहेरचे ते वकील भागीदार नसूही शकतात. (पहिल्या प्रयत्नात मी नेमका येथेच घसरलो होतो.)

अर्जाविषयी एवढेच, की अनेक फर्म अर्ज येतील तसे तपासत जातात आणि जागा भरत जातात. त्यामुळे अंतिम मुदतीची वाट पाहू नये. ‘हीच फर्म का’ या प्रश्नाचे उत्तर फर्मचे नाव बदलून दुसरीकडे जसेच्या तसे चालत असेल, तर ते पुन्हा लिहावे.