प्रतिसाद: कोपऱ्यातला तो तक्ता वाचा

नगरपालिकेच्या सूचना फलकावर वाचण्यासारखं काही नसतंच, असं वर दोघातिघांनी म्हटलंय. पाणी बंद असल्याची सूचना पाणी गेल्यावर लागते, हे मान्य! पण त्याच फलकावर कुठेतरी एक कंटाळवाणा तक्ता असतो, खरा कामाचा तोच. सेवेचं नाव, किती दिवसांत मिळणार, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) कोण, प्रथम आणि द्वितीय अपील कोणाकडे. तो लावणं ही मेहरबानी नाही, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार बंधनकारक आहे.

मला थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी "सोमवारी या" हे तीन सोमवार ऐकावं लागलं. आमच्याकडचा तक्ता कपाटामागे अर्धा झाकलेला होता. मान वाकडी करून मोबाइलवर फोटो काढला आणि लेखी अर्ज आवक खिडकीवर देऊन पोच घेतली. तोवर सगळं तोंडीच चाललं होतं, चूक माझीच. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे दाखवणार कशावरून? कागद अपुरे असतील तर कोणते, तेही तिथेच लिहून मागा.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत प्रथम अपील करता येतं. सबळ कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. माझं प्रकरण तिथवर गेलं नाही, चौथ्या दिवशी दाखला हातात आला. तोही शुक्रवारी.