दुबईची ऑफर आलीय, आई खानापुरात एकटी, जावं का?

खानापूरची_लेक
नमस्कार सगळ्यांना. गाव खानापूर तालुक्यात, बेस बेंगळुरू, एका भारतीय विमान कंपनीत ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. उड्डाणाचे २६०० च्या आसपास तास झालेत, एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसनचे) पेपर निघालेत पण लायसन अजून हातात यायचंय. आता दुबईहून ऑफर आलीय, तिकडं पण फर्स्ट ऑफिसरच पण वाइड बॉडीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर, राहायला घर देणार आणि पगारावर इन्कम टॅक्स नाही. ट्रेनिंगचं लोन बरंच शिल्लक आहे, त्यापायी भाताची जमीन बँकेत अडकलीय आणि ती सोडवायची हे माझ्या डोक्यातनं जातच नाही. इकडं थांबले तर वर्ष-दीड वर्षात कमांडला (कॅप्टन व्हायला) नंबर लागेल असं सिनियर सांगालेत. पप्पा गेल्यापासून आई एकटीच, भाऊ पुण्यात. आईला शुगर आहे, गुडघे दुखतात, पण म्हशी सोडून कुठं यायला तयार नाही. मामा म्हणतात संधी सोडू नको, काकी म्हणते पोरीच्या जातीनं किती लांब जायचं. बाहेर उडवलेलं कोणी असेल तर सांगा, नुसतं पगाराचं नको.

टिळकवाडी_७७७
ताई, मी काही वर्षं आखातात ट्रिपल सेव्हनवर (बोइंग ७७७ वर) पायलट होतो, आता परत आलोय. माझं स्पष्ट मत, आधी इथं कमांड घ्या मग जा. तिकडं गेलात की सिनियॉरिटी शेवटून सुरू, तुमच्या मागच्या तासांना तिथल्या यादीत किंमत नाही, आणि कमांड कधी मिळणार हे विमानं किती येतात यावर. लाँग हॉलला एका फ्लाइटला चार-चार पायलट असतात, दुबई-लॉस एंजेलिस सोळा तासांचं, महिन्यात लँडिंग मोजकीच वाट्याला येतात, ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग भरायला आम्हाला कधीकधी सिम्युलेटरला जावं लागायचं. ए-३२० वर तुम्ही दिवसाला तीन-चार सेक्टर (फेऱ्या) करता, हात तिथंच बसतो. आणि कॅप्टन म्हणून पीआयसी तास (विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले) एकदा लॉगबुकात आले की ते कुणी काढून घेत नाही, मग जगात कुठंही विचारतात.
दुसरं, तिकडचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. मेडिकल गेलं किंवा २०२० सारखं झालं तर नोकरीबरोबर घर पण सोडावं लागतं. त्या वर्षी आखातातल्या कंपन्यांनी किती लोक काढले ते सगळ्यांनी बघितलं. अर्थात इकडंही जेट एअरवेज २०१९ ला आणि गो फर्स्ट २०२३ ला बंद पडलीच की, म्हणून म्हणतो कंपनीवर नको, स्वतःच्या तासांवर भरवसा ठेवा.

चोर्ला_घाट
वरच्या कॅप्टनसाहेबांचं पटलं, पण एक विचारू का ताई, बेंगळुरूला राहणं म्हणजे घरी राहणं आहे का? माझी बहीण बेंगळुरूलाच केबिन क्रू आहे, बेळगाव किती जवळ म्हणायचं, तरी सणाला तिचं ताट रिकामंच असतं कारण रोस्टर. दुबईहून गोव्याला साडेतीन तासांत विमान येतं, तिथून पुढं गाडी, पण पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोड दोन्ही घाटरस्त्यांचा भरवसा नाही, चार महिने ते धरूनच चाला. मला वाटतं खरा प्रश्न आईजवळ रात्री कोण असतं हा आहे. शुगर रात्री उतरली तर खानापूरहून बेळगावला कोण नेणार? ती सोय दुबईला गेलात तरी करावी लागेल आणि बेंगळुरूला राहिलात तरी. शेजारची कुणी विश्वासाची बाई पगार देऊन रात्री झोपायला ठेवा, आजच ठेवा. आणि भावाला पण बसवून बोला, तो पुण्याहून रेल्वेनं एका रात्रीत येतो, सगळा भार तुम्हीच का घ्यायचा?

शहापूर_टॅक्स
दोन गोष्टी फक्त. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमानं फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस आहे आणि कॅप्टनला एक वर्ष, म्हणजे कमांड घेतल्यावर निघायला जास्त वेळ लागणार हे धरून चाला. आणि नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याचा त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत असेल तर त्याला टॅक्ससाठी एनआरआय (अनिवासी भारतीय) धरतात, तेव्हा एप्रिलपासून मोजून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लागायच्या आत निघालात तर त्याच वर्षापासून एनआरआय धरतात. नोटीस कधी द्यायची ते यावरनं उलटं मोजा.

खानापूरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. नोटीस वाढते हे माहीत होतं पण असं मोजलं नव्हतं. @टिळकवाडी_७७७ सर, कमांड देताना कंपनी बाँड (ठराविक मुदत नोकरी सोडणार नाही, नाहीतर पैसे भरेन असा) लिहून घेते, तो कितीचा असेल तर थांबू नये?

टिळकवाडी_७७७
रकमेपेक्षा मुदत बघा. दोन वर्षांपर्यंत असेल तर मी घेईन, तेवढ्यात पीआयसी हजाराच्या पुढं जातात. त्याहून लांब असेल तर सहीच्या आधी वकिलाला दाखवा, एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि काहीही ठरलं तरी एटीपीएल भारताचंच हातात घेऊन जा, डीजीसीएचं मेडिकल दरवर्षी चालू ठेवा, सुट्टीवर आलात की करून टाकायचं. ते सुटलं की परत यायला फार पळापळ होते, मी बऱ्याच जणांची बघितलीय.