चोवीस तासांच्या बातम्यांना डेडलाइन हवी

दुसरंवर्ष

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टीव्हीवर चुकीची बातमी गेली की सगळे एकच कारण देतात, ‘त्यांना डेडलाइन असते ना, घाईत होतं.’ मला हे अजिबात पटत नाही. टीव्हीला डेडलाइन उरलेलीच नाही, म्हणून या चुका होतात असं माझं ठाम मत आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, पुढे प्रदीप भिडे यांच्या संध्याकाळच्या मराठी बातम्यांबद्दल घरातले मोठे आजही बोलतात. दुपारी तीनला आलेली बातमी लिहायला, तपासायला, दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून घालायला तेव्हा संध्याकाळपर्यंत वेळ मिळायचा. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. तेव्हापासून बातमी कानावर आली की पडद्यावर. लिहून अमुक वाजता द्यायचं असं काही नाही, म्हणजे त्याआधी तपासायचं असंही काही नाही.

आमच्या प्रॅक्टिकलला एजन्सीची कॉपी (वृत्तसंस्थेने लिहून पाठवलेली बातमी), दोन बाइट (कॅमेऱ्यासमोर कुणी बोललेले तुकडे) आणि थोडे व्हिज्युअल्स देतात. पाचला लॅब बंद, तोवर दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे जोडून तयार केलेली बातमी, हवं. एकदा आगीच्या बातमीत कॉपीत ‘तीन जखमी’ होतं आणि बाइटमध्ये अधिकारी ‘दोघांना हलवलं’ म्हणत होते. पाच वाजायचे होते म्हणून बाइट शेवटपर्यंत ऐकला. तिसऱ्यावर जागेवरच उपचार केल्याचं ते पुढे सांगत होते. लिहायचा कस लागतो तो इथे.

मग एका वाहिनीत इंटर्नशिप केली. एक फोन आला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांची प्लेट गेली, ‘इमारत कोसळली’. थोड्या वेळाने ‘इमारतीचा भाग कोसळला’. शेवटी ‘सज्जा कोसळला’. आधीचं चुकलं होतं असं कुणी बोललं नाही, प्लेट नुसती बदलली. त्या इमारतीत ज्यांची माणसं राहतात, त्यांचं त्या वेळात काय झालं असेल?

माझी मागणी साधी आहे. मोठी घटना घडली की दर तासाला एक ठरलेलं बुलेटिन करा. मधल्या वेळात, दोन ठिकाणांहून खात्री झाली असेल तेवढंच टिकरवर, म्हणजे खाली सरकणाऱ्या पट्टीवर, घ्या. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

तू विद्यार्थिनी आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. मी न्यूज चॅनेलच्या आउटपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या पडद्यावर नेणाऱ्या विभागात, काम करतो. डेडलाइन नाही हे कुणी सांगितलं तुला? सहाचं बुलेटिन, सातचं, आठचं, प्रत्येकाचा रनडाउन, म्हणजे बातम्यांचा क्रम, वेगळा. पॅकेज एडिटवरून वेळेत आलं नाही तर पीसीआरमधून (प्रक्षेपणाच्या कंट्रोल रूममधून) आरडाओरडा सुरू होतो आणि अँकरला तेच तेच बोलत वेळ काढावा लागतो. आम्हाला दिवसाला एक नाही, तासाला एक डेडलाइन आहे.

आणि थांबायचं कुणासाठी? तुम्हाला वर्गात टीआरपीचं कारण शिकवत असतील. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ न्यूज चॅनेलांचं रेटिंग, म्हणजे टीआरपीचं मोजमाप, बंदच होतं. आमच्या डेस्कवर त्या काळात घाई तसूभरही कमी झाली नव्हती. सज्जाचा व्हिडिओ शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला असतो. आम्ही तासभर गप्प बसलो तर लोक तो खरा मानतील, आणि तो तर कुणीच तपासलेला नसतो.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची, राहते डोंबिवलीत. २२ जुलै २०२१ ला गावात पूर आला, वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं. आई-वडील तिथे, आणि फोन लागत नव्हता. त्या दिवशी टीव्हीवर जे दिसत होतं तेवढाच आमचा आधार. बस स्टँड पाण्यात दिसलं तेव्हा आमच्या आळीत पाणी कुठवर असेल याचा अंदाज आला. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की पुढचं बुलेटिन तासाभराने, तर मी वेडी झाले असते. बाळा, तुझा मुद्दा वर्गात ठीक आहे. ज्याचं माणूस तिकडे अडकलंय त्याला विचार.

जुना_वाचक

डेडलाइनचं एवढं कौतुक करताय तर २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असे मथळे घेऊन पेपर दारात पडले होते, आणि टीव्हीवर राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेत होते. पेपरांनी रात्री तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. लिहिलं, तपासलं, पान छापायला सोडलं. उपयोग काय झाला?

दुसरंवर्ष

जुना_वाचक, पेपर चुकले नव्हते. २२ तारखेच्या संध्याकाळी बैठकीनंतर शरद पवारांनीच पत्रकारांना सांगितलं होतं की उद्धव यांच्या नावावर एकमत झालंय. ते छापलं. राष्ट्रपती राजवट उठली पहाटे, शपथविधी सकाळी आठच्या सुमारास. रात्री जे खरं होतं ते पेपरात आलं, सकाळी जे घडलं ते टीव्हीने दाखवलं.

वाशिष्ठीकाठ ताई, तुमच्या आई-वडिलांचं वाचून पोटात कालवलं. पण तुम्हाला आधार वाटला तो पाणी दिसलं म्हणून. समोर घडतंय ते दाखवायला माझा विरोध नाहीच. माझा आक्षेप आहे लिहिण्यावर. किती गेले, कशामुळे झालं, दोष कुणाचा, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते कुणीतरी लिहितं, आणि तपासल्याशिवाय लिहितं.

खडूफळा

पत्रकारिता शिकवते. दाखवण्याला सूट देऊन चालणार नाही. २६/११ ला चॅनेलांनी काही लिहिलं म्हणून नुकसान झालं नाही, दाखवलं म्हणून झालं. कमांडोंच्या हालचाली थेट दिसत होत्या आणि अतिरेक्यांना फोनवरून सूचना देणारे सीमेपलीकडे तेच बघत होते. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर अतिशय कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. आता दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही, ती संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने जी माहिती देईल तेवढीच द्यायची.

दुसरंवर्ष

मॅडम, मग हीच तर डेडलाइन झाली. चॅनेलांनी स्वतः पाळली नाही म्हणून कायद्याने घालावी लागली.

रात्रपाळी

आणि मला भीती वाटते ती नेमकी हीच. माहिती कधी द्यायची हे अधिकाऱ्याच्या हातात गेलं. अतिरेकी हल्ल्यापुरतं मान्य, जिवाचा प्रश्न आहे. पण तुझा तासाचा नियम सगळ्याच मोठ्या घटनांना लावला, तर चेंगराचेंगरी झाल्यावर आकडा कोण देणार? ज्याच्या बंदोबस्तात चेंगराचेंगरी झाली तोच. आम्ही वाट बघत बसायचं आणि तो सांगेल ते वाचायचं. रिपोर्टर शवागाराच्या दारात उभा राहून मोजतो, तेव्हा सरकारी आकडा वाढतो.

दुसरंवर्ष

दादा, त्या रिपोर्टरला मोजायला वेळ लागतो की नाही? दर पाच मिनिटांनी त्याला लाइव्हवर घेतलं तर तो मोजणार कधी? तो तास मी त्याच्यासाठी मागतेय, अधिकाऱ्यासाठी नाही.

रात्रपाळी

हा मुद्दा बरोबर आहे, पण नियमाने सुटणारा नाही. रात्री आमच्या असाइनमेंटला (बातम्या गोळा करणाऱ्या डेस्कला) दोन माणसं असतात. पूर्ण महाराष्ट्राचे फोन तेच घेतात, टिकरही तेच लिहितात. तू सांगितलेल्या सज्ज्यासारख्या वेळी अग्निशमन दलाला दुसरा फोन लावायला हातच नसतो. आधी माणसं द्या, मग डेडलाइन बोला.

दुसरंवर्ष

माणसं मिळत नसतील तर बुलेटिनं कमी करा. रात्री बारा ते पाच एकच ठेवा, बाकी वेळ रेकॉर्डेड चालवा. त्याच दोघांना दुसरा फोन लावता येईल.

वाशिष्ठीकाठ

रात्री बारा ते पाच अजिबात नको. आमच्याकडे पाणी रात्रीच चढायला लागलं होतं.